प्रिन्स विल्यम फॉरेस्ट पार्कमधील सामूहिक केबिन: नोंदणीपासून शेवटच्या झाडलोटीपर्यंत

वॉशिंग्टनच्या दक्षिणेला सुमारे ३५ मैलांवर, व्हर्जिनियातील ट्रायँगल या गावालगत प्रिन्स विल्यम फॉरेस्ट पार्क आहे. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. १९३० च्या दशकात उभारलेले लाकडी केबिनांचे पाच कॅम्प तिथे आजही भाड्याने मिळतात. नॉर्दर्न व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधील मराठी शाळा, ढोल-ताशा पथके आणि एकत्र सहल काढणारी कुटुंबे त्यांची चौकशी नेहमी करतात, पण त्यांच्या चुकाही ठरलेल्या असतात. नको ती जागा नोंदवली जाते, माणसे मोजण्याआधी तारीख पक्की होते, स्वयंपाकघरात भांडी असतीलच असे धरले जाते आणि रविवारी सकाळी झाडू हातात घ्यायला कोणी उरत नाही. हा लेख या चुका टाळण्यासाठी, कामे ज्या क्रमाने करायला हवीत त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. हे रिसॉर्ट नव्हे. सामूहिक कॅम्पचे भाडे भरल्यावर खोल्या नव्हे, तर एक अख्खी जुनी वसाहत दोन-तीन दिवसांसाठी तुमच्या ताब्यात येते आणि ती चालवण्याची, राखण्याची व होती तशी परत करण्याची जबाबदारी नोंदणी करणाऱ्याच्या नावावर चढते.

१. प्रथम माणसे मोजा

तारखेची चर्चा सुरू होण्याआधी यादी करावी. यादीत तीन रकाने पुरेत: रात्री मुक्कामाला राहणारे, फक्त दिवसभर येऊन जाणारे, आणि ज्यांना वेगळी सोय लागेल असे, म्हणजे ज्येष्ठ नागरिक, तान्ही मुले आणि गुडघेदुखीची माणसे. दिवसभरासाठी येणारे पाहुणे मोजायचेच नाहीत असा समज आढळतो, पण कॅम्पची कमाल क्षमता आवारातल्या सगळ्यांना धरून असते, आणि गाड्या लावायची जागाही मर्यादितच असते.

ज्येष्ठांबाबत स्पष्ट बोलावे. बहुतेक झोपण्याच्या केबिनांमध्ये स्वच्छतागृह नसते. ते युनिटमध्ये, म्हणजे केबिनांच्या एकेका गटात, वेगळ्या इमारतीत असते आणि रात्री तिथवर झाडांमधून, मुळे वर आलेल्या वाटेने, विजेरीच्या उजेडात जावे लागते. हे आई-बाबांना आधी सांगितले तर ते स्वतःच ठरवतात. तिथे गेल्यावर कळले तर रात्रभर कोणालाच झोप मिळत नाही.

"बहुतेक येऊ" असे सांगणारे यादीत धरू नयेत. प्रत्येक कुटुंबाकडून आगाऊ रक्कम जमा झाली की मगच त्यांची डोकी मोजावीत. हा कठोरपणा पुढे सगळ्यांच्याच पथ्यावर पडतो.

२. कोणती जागा हवी ते ओळखा

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, कारण एकाच पार्कच्या नावाखाली चार वेगळ्या प्रकारच्या जागा दिसतात.

सामूहिक वापरासाठी कॅम्प १ (गुडविल), कॅम्प २ (मावावी), कॅम्प ४ (प्लेझंट) आणि कॅम्प ५ (हॅपीलँड) आहेत. कॅम्प ३ (ओरेंडा) यांच्यासारखाच जुना असला तरी तिथल्या केबिन कुटुंबांना व लहान गटांना सुट्या दिल्या जातात. चार-पाच कुटुंबेच असतील तर कॅम्प ३ मधील दोन-तीन केबिन घेणे शहाणपणाचे आहे. मात्र पन्नास-साठ माणसांसाठी तिथल्या दहा केबिन नोंदवणे ही चूक आहे, कारण सर्वांना एकत्र बसवून जेवू घालता येईल असे सामूहिक स्वयंपाकघर त्यात हाती येत नाही आणि शेजारच्या केबिनमध्ये अनोळखी कुटुंब असते.

टर्की रन रिज ही 'ग्रुप' म्हणून दिसणारी जागा तंबूंची आहे, केबिनांची नाही. ओक रिजवरही केबिन नाहीत. आणि पार्कचेच नाव लावणारे आर.व्ही. (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या) कॅम्पग्राउंड डम्फ्रीज रोडवर, म्हणजे रूट २३४ वर, मुख्य प्रवेशद्वारापासून वेगळे आहे.

सामूहिक कॅम्पची रचना समजली की यादी केबिनांमध्ये बसवणे सोपे जाते. मध्यभागी डायनिंग हॉल व स्वयंपाकघर असते. त्याच्याभोवती, थोड्या अंतरावर, वेगवेगळी युनिटे असतात. प्रत्येक युनिटमध्ये झोपण्याच्या काही केबिन, एकत्र बसण्यासाठी एक लॉज आणि स्वच्छतागृह. पूर्ण कॅम्प न घेता एखादेच युनिट मिळत असेल, तर डायनिंग हॉल त्या भाड्यात आहे का आणि दुसऱ्या युनिटमधल्या गटाबरोबर तो वाटून वापरावा लागेल का, हे त्या जागेच्या पानावर नीट वाचावे.

तपासा: नोंदणीच्या पानावर 'केबिन' हा शब्द आहे, कॅम्पचा क्रमांक बरोबर आहे, आणि दिलेली कमाल संख्या तुमच्या यादीहून निदान पाच-सहाने जास्त आहे.

३. तारीख ठरवा

केबिनांमध्ये हीटर नाही आणि एसीही नाही, हे लक्षात घेऊनच तारीख निवडावी. हंगाम ढोबळमानाने मे ते ऑक्टोबर असतो. थंडीत सामूहिक कॅम्प बंद असतात, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरमध्ये येते त्या वर्षी तिचा बेत इथे जमत नाही. मेच्या सुरुवातीला दिवस छान असला तरी पहाटे चांगलेच गारठते. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा रात्रीसुद्धा हलत नाही, आणि दुपारी विजांसह पाऊस येतो. मेचा उत्तरार्ध, जूनचा पहिला आठवडा किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून पुढचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. सप्टेंबरमधली तारीख पक्की करण्याआधी गणपती आणि नवरात्र पाहून घ्यावे, नाहीतर निम्मी मंडळी आरतीला अडकलेली असतात.

दोन पर्यायी शनिवार-रविवारही हाताशी ठेवावेत. एकाच तारखेवर अडून बसणारा गट हमखास रिकाम्या हाताने परततो.

४. नोंदणी करा

नोंदणी रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होते. ती किती महिने आधी उघडते हे प्रत्येक जागेच्या पानावर दिलेले असते. तो दिवस मोजून कॅलेंडरवर नोंदवावा आणि वेळ पूर्व किनाऱ्याची धरावी. बऱ्याच जागांची नोंदणी सकाळी १० वाजता उघडते, तेव्हा दहाला दहा मिनिटे कमी असतानाच खात्यात प्रवेश करून, कार्डाचा तपशील भरून बसावे. एकाच तारखेसाठी चौघांनी चार खात्यांवरून प्रयत्न करणे टाळावे. त्यातल्या दोघांना जागा मिळाली तर एक रद्द करण्याचा भुर्दंड पडतो.

नोंदणी कोणाच्या नावावर करायची हा निर्णय वाटतो तितका किरकोळ नाही. ज्याच्या नावावर नोंदणी असेल त्याने ओळखपत्रासह पहिल्या दिवशी हजर राहायचे असते, आणि नुकसान झाल्यास पार्क त्याच्याशीच बोलतो. उत्साही पण नेहमी उशिरा पोहोचणाऱ्या मित्राऐवजी शुक्रवारी सुट्टी काढू शकणाऱ्याचे नाव द्यावे. संस्थेचे नाव द्यायचे असेल तरी एक जबाबदार व्यक्ती लागतेच.

रद्द करण्याचे नियम पैसे भरण्याआधी वाचावेत. या संकेतस्थळाच्या सर्वसाधारण नियमांनुसार रद्द करण्यासाठी १० डॉलर सेवाशुल्क लागते. केबिन व सामूहिक जागांबाबत आगमनाला १४ दिवसांहून कमी अवधी उरला असताना रद्द केल्यास त्याशिवाय पहिल्या रात्रीचे भाडेही जाते. म्हणून गटाची शेवटची बैठक तीन आठवडे आधी ठेवावी. जायचे की नाही, किती जण जायचे, हा प्रश्न त्या बैठकीनंतर पुन्हा उघडायचा नाही.

पार्कचे प्रवेशशुल्क केबिनच्या भाड्यात धरलेले नसते. ते गाडीमागे घेतले जाते आणि सात दिवस चालते. कोणाकडे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास आहे याची यादी आधीच करावी आणि गाड्या कमी कराव्यात.

इशारा: नोंदणी झाल्यावर आलेला मेल एकाच्याच इनबॉक्समध्ये पडून राहू देऊ नये. तो छापून दोघांकडे ठेवावा. पार्कच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज मिळत नाही.

५. ज्या गोष्टींना परवानगी लागते त्या आधीच विचारा

आपल्या गटांच्या कार्यक्रमात हमखास असणाऱ्या काही गोष्टी राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांत अडतात. पथकाने पार्कमध्ये सराव करायचा बेत आखला असेल तर तो सोडून द्यावा. राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवरून मोजलेला आवाज ६० डेसिबलच्या वर गेला तर तो नियमभंग ठरतो, आणि ढोल सोडाच, एका ताशालाही ती मर्यादा पुरत नाही. लाऊडस्पीकरसाठी वेगळी परवानगी लागते. फटाके, अगदी फुलबाज्यासुद्धा, जवळ बाळगायलाही बंदी आहे. ड्रोन उडवता येत नाही. कुत्र्याला इमारतींमध्ये नेता येत नाही.

गणेशोत्सवाच्या काळात गेल्यास मूर्तीचे विसर्जन पार्कमधल्या तळ्यात किंवा क्वांटिको क्रीकच्या पाण्यात करू नये. शाडूची मूर्ती असली तरीही नाही. घरी येऊन बादलीत करावे.

तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल, बाहेरचा केटरर आणायचा असेल किंवा साड्या-दागिन्यांचा स्टॉल लावायचा असेल, तर तो व्यावसायिक वापर ठरू शकतो आणि त्याला स्वतंत्र परवाना लागतो. खर्च आपसांत वाटून घेणे वेगळे आणि तिकीट विकणे वेगळे. ही विचारणा फोनवर न करता मेलने, निदान दोन महिने आधी करावी आणि आलेले उत्तर सांभाळून ठेवावे.

६. स्वयंपाकाचा आराखडा करा

सहल स्वयंपाकघरात जिंकली किंवा हरली जाते, म्हणून या टप्प्यावर जरा थांबू.

सामूहिक कॅम्पच्या स्वयंपाकघरात शेगडी आणि फ्रीज मिळतात. पातेली, कढया, झारे, सुऱ्या, ताटे, पेले काहीही मिळत नाही. मोठी पातेली मंडळाकडून किंवा मंदिराकडून मिळत असतील तर महिनाभर आधी सांगून ठेवावे. प्रत्येक पातेल्याला झाकण आहे याची खात्री करून घ्यावी, कारण मागून आणलेल्या पातेल्यांची झाकणे हटकून कमी पडतात.

साठ माणसांचा हिशेब असा धरावा. भातासाठी पाच ते सहा किलो तांदूळ लागतात. कांदेपोह्यांना साडेचार किलो जाडे पोहे लागतात, पण ते एका पातेल्यात कधीही करू नयेत. तळाचे चिकटतात आणि वरचे कोरडे राहतात, म्हणून तीन घाण्यांत करावेत आणि पोहे भिजवायचे तेही घाण्यागणिकच. चहा नऊ-दहा लिटर लागतो. एवढे पाणी उकळायला मोठ्या शेगडीवरसुद्धा बराच वेळ जातो, म्हणून सातला चहा हवा असेल तर कोणीतरी सहाला शेगडीजवळ उभे असले पाहिजे. त्या माणसाचे नाव आराखड्यात लिहावे. "सकाळी जो उठेल तो ठेवेल" ही योजना नव्हे.

पोळ्यांचा नाद सोडावा. साठ माणसांच्या दोनशे पोळ्या तिथे लाटत बसलेली मंडळी पार्क पाहतच नाहीत. मिसळ आणि पाव, पुलाव आणि कोशिंबीर, पिठले-भात आणि ठेचा असे बेत ठेवावेत. भिजवलेली कडधान्ये, वाटणे आणि चिरलेला कांदा घरूनच आणावा.

तळण नको. लाकडी इमारतीत साठ माणसांच्या पुऱ्या किंवा भजी तळणे हा अकारण ओढवून घेतलेला धोका आहे. तेल पेटले तर त्यावर पाणी ओतायचे नसते, झाकण ठेवून गॅस बंद करायचा असतो, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. फोडणीचे उरलेले तेल सिंकमध्ये किंवा झाडाखाली न ओतता थंड करून डब्यात भरून घरी न्यावे.

फ्रीजमध्ये एकाच वेळी सगळे गरम डबे कोंबले तर त्याचे तापमान चढते आणि रात्रभर उतरत नाही. दूध, दही, चिकन बर्फाच्या कूलरमधूनच न्यावे, आणि एक दहा डॉलरचा थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवावा. काटा ४० अंश फॅरनहाइटच्या खाली हवा. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये. ९० अंशांच्या वरच्या उकाड्यात तर एकच तास.

तपासा: आराखड्यात प्रत्येक जेवणासमोर चार गोष्टी आहेत का ते पाहा: पदार्थ, भांडे, करणारे आणि नंतर भांडी घासणारे. चौथा रकाना रिकामा राहिला तर तोच रविवारचा तंटा होतो.

७. सामानाची बांधाबांध

केबिनमध्ये कॉट आणि गादी असते. चादर, उशी आणि पांघरूण किंवा स्लीपिंग बॅग प्रत्येकाने आपापली न्यायची. माणशी एक विजेरी न्यावी, कुटुंबाला एक नव्हे, कारण रात्री दोन मुले दोन वेगळ्या वेळी उठतात. स्वच्छतागृहासाठी रबरी चप्पल, साबण, टॉवेल आणि टॉयलेट पेपरचे दोन-तीन जादा रोल असावेत. झाडू, पोछा, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या आणि हातमोजे तिथे असतील असे धरू नये.

घरून जळाऊ लाकूड नेऊ नये. त्याबरोबर झाडे पोखरणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. शेकोटीसाठी कोणते लाकूड चालेल ते पार्कच्या माहिती केंद्रात विचारून तेच वापरावे.

व्हर्जिनियाच्या या जंगलात गोचीड भरपूर असतात आणि त्यांतल्या एका जातीमुळे लाइम रोग होतो. पँट आणि मोज्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक घरीच, उघड्या हवेत फवारावे आणि पूर्ण वाळल्यावरच घालावे. घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर ठेवावेत. परमेथ्रिन कातडीवर लावायचे नसते. कातडीसाठी वेगळे औषध असते, आणि ही गल्लत बरेच जण करतात. मुलांना तीन पानांचे पॉयझन आयव्ही (स्पर्शाने अंगाला खाज आणणारी वेल) ओळखायला निघण्याआधीच शिकवावे.

८. पोहोचण्याचा दिवस

आय-९५ वरून एक्झिट १५० घेऊन रूट ६१९ ला, म्हणजे जॉप्लिन रोडला लागायचे. जीपीएसवर नुसते पार्कचे नाव टाकल्यास तो आर.व्ही. कॅम्पग्राउंडकडे किंवा दुसऱ्याच फाटकाकडे नेऊ शकतो. म्हणून नोंदणीसोबत आलेला रस्त्याचा तपशील प्रत्येक चालकाला छापून द्यावा. शुक्रवारी दुपारनंतर आय-९५ वर दक्षिणेकडची वाहतूक इतकी तुंबते की ३५ मैलांना दोन तास लागल्याचे कोणाला नवल वाटत नाही. दुपारी बाराच्या आत निघावे, नाहीतर रात्री आठनंतर. मधल्या वेळेत निघायचेच असेल तर एक्स्प्रेस लेनच्या टोलचा हिशेब खर्चात धरावा.

पहिली गाडी नोंदणी करणाऱ्याची आणि स्वयंपाकाच्या प्रमुखाची असावी, आणि ती उजेडात पोहोचावी. सामान उतरवण्याआधी दोघांनी सगळा कॅम्प फिरून पाहावा: किती कॉट, किती गाद्या, कोणती जाळी फाटलेली, कोणता नळ गळणारा, कोणता दिवा बंद. दिसेल त्या प्रत्येक दोषाचा फोटो काढून तो त्याच वेळी रेंजरच्या, म्हणजे पार्कच्या कर्मचाऱ्याच्या, कानावर घालावा. शेगड्या पेटवण्याची पद्धत आणि गॅसचा मुख्य खटका दाखवायला सांगावे. विचारायला संकोच वाटतो खरा, पण रात्री नऊला पातेले शेगडीवर असताना तो खटका शोधणे जास्त अवघड असते.

इशारा: सकाळी दिसलेला ओरखडा दुपारी कोणाचा, हे सिद्ध करता येत नाही. आगमनाचे फोटो हाच एक पुरावा असतो.

९. मुक्कामातले नियम

झोपण्याच्या केबिनमध्ये खाण्याचा एकही पदार्थ ठेवू नये. चिवड्याची उघडी पिशवी उशाशी ठेवून झोपणाऱ्याकडे रात्री उंदीर येतात, रॅकून दाराशी घुटमळतात आणि पहाटे मुंग्यांची रांग लागते. सगळा फराळ डायनिंग हॉलमध्ये, झाकणाच्या डब्यांत ठेवावा.

जुन्या भिंतींवर खिळे, स्टेपल किंवा चिकटपट्टी लावू नये. तोरण आणि फलक दोरीने खांबांना बांधावेत आणि निघताना दोरीही सोडून न्यावी. समई, निरांजन, उदबत्ती केबिनमध्ये लावू नये. आरती डायनिंग हॉलबाहेर मोकळ्यावर करावी, आणि आत दिवे हवेत तर बॅटरीचे आणावेत. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते. गाण्याच्या भेंड्या त्याआधी संपवाव्यात, कारण जंगलात आवाज फार दूर जातो. शेकोटी विझवताना पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत थांबावे.

संध्याकाळी सगळ्यांची गोचीड तपासणी करावी: गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत. रुतलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची असते. तिच्यावर तेल लावणे किंवा काडी टेकवणे हे घरगुती उपाय इथे अपायकारक ठरतात.

१०. निघताना

शनिवारी रात्रीच रविवारच्या सफाईच्या तीन तुकड्या नावानिशी जाहीर कराव्यात: एक स्वयंपाकघराची, एक स्वच्छतागृहांची, एक केबिनांची. लांब जायचे असल्याने लवकर निघणाऱ्यांनी आपली पाळी शनिवारी संध्याकाळीच पूर्ण करावी.

क्रम असा ठेवावा. आधी प्रत्येक केबिन रिकामी करून झाडायची, कॉटखाली विजेरी मारून पाहायचे, गाद्या जागच्या जागी लावायच्या. मग स्वच्छतागृहे. स्वयंपाकघर शेवटी, कारण चहा शेवटपर्यंत हवा असतो. शेगडी, ओटे आणि सिंक पुसून, फ्रीज रिकामा करून आणि गॅस बंद करून ते बंद करायचे. कचरा ठरवून दिलेल्या जागीच टाकायचा. उरलेला भात "पाखरांसाठी" म्हणून झाडाखाली ठेवायचा नाही, वन्य प्राण्यांना खाऊ घालण्यास बंदी आहे.

सगळ्या गाड्या निघण्याआधी नोंदणी करणाऱ्याने आगमनाच्याच मार्गाने पुन्हा फेरी मारावी, त्याच कोनांतून फोटो काढावेत आणि शक्य असेल तर रेंजरसमोर तपासणी करून घ्यावी. काही मोडले असेल तर आपणच सांगावे.

घरी पोहोचल्यावर जंगलात घातलेले कपडे धुण्याआधीच ड्रायरमध्ये जास्त तापमानावर १० मिनिटे फिरवावेत, त्याने गोचीड मरतात. कोणाला पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा कातडीवर पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरला सहलीची तारीख सांगावी. हिशेब आणि फोटो त्याच आठवड्यात गटाला पाठवावेत, आणि मंडळाची पातेली झाकणांसकट परत करावीत.